हिवाळ्याची गाडी

गॅरेजच्या दारात सासूबाई शाल लपेटून उभ्या होत्या. आत जमिनीवर पुठ्ठा पसरून जयवंत पाठीवर झोपला होता आणि लाल गाडीच्या खाली छातीपर्यंत शिरला होता. बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. खालून फवाऱ्याचा फुस्स फुस्स आवाज येत होता आणि गॅरेजभर एक उग्र, ओलसर वास भरला होता.

"कसला गं हा वास?" सासूबाईंनी मला विचारलं. "धनगराचं घोंगडं भिजल्यागत येतोय."

"लोकरीचंच तेल आहे ते, आई," जयवंत गाडीखालूनच बोलला. "मेंढीची लोकर धुताना निघतं. लोखंडाला चिकटून बसतं, पाणी आत जाऊ देत नाही."

"गाडीच्या पोटाला तेल चोळतोस?"

"इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळावा म्हणून. ते मिठाचं पाणी चाकांनी उडून खाली बसतं आणि लोखंड खात राहतं. वरून गाडी चकचकीत दिसते आणि खालून चाळण झालेली असते."

"मग बर्फात न्यायचीच कशाला?"

"नेत नाहीच. एप्रिलपर्यंत ही इथनं हलणार नाही."

सासूबाईंनी मागं वळून अंगणात बघितलं. तिथं माझी गाडी उभी होती. राखाडी रंगाची, चार दारांची, मागच्या चाकांच्या वर दोन्ही बाजूंना तांबडे फोड आलेली. गेल्या हिवाळ्यात तिच्या दाराचा खालचा काठ इतका झिजला होता की बोटानं दाबला तरी पत्र्याचा भुगा हातात यायचा.

"आणि हिच्या गाडीला?"

"ती हिवाळ्याची गाडी आहे, आई. ती गंजायचीच असते."

"माझ्या गाडीलाही मारा ना थोडं," मी म्हटलं. सासूबाई आल्यापासून मी जयवंतला अहोजाहो करत होते. एरवी आमच्यात अरेतुरे होतं. "डबा उघडलाच आहे तर."

खालचा आवाज थांबला. "उत्तरा, जिथं गंज धरलाय तिथं वरून तेल मारून काय होणार? वाया जाईल. लोखंड चांगलं असतं तेव्हाच त्याला जपायचं."

आणि फवारा पुन्हा सुरू झाला.

आम्ही तेव्हा ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण काठावरच्या एका गावात राहत होतो. तिथं नोव्हेंबरात सरोवरावरून ढग यायला लागत आणि मार्च संपेपर्यंत बर्फ पडत राही. त्या भागात अनेक घरांत दोन गाड्या असत. एक चांगली, उन्हाळ्याची. आणि एक जुनाट, हिवाळ्यात झिजवायची. चांगली गाडी घरात झाकून ठेवायची आणि जुनाट गाडीतून थंडी काढायची, हा तिथला रिवाजच. फरक एवढाच की इतर घरांत दोन्ही गाड्या एकच माणूस चालवायचा. आमच्या घरात चांगली गाडी जयवंतची होती आणि हिवाळा माझा होता.

जयवंत रंग आणि लेप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. धातूला गंज कसा धरतो आणि तो कसा थोपवायचा, हेच त्याचं काम. पुण्याला धातुशास्त्र शिकला होता आणि हुशार होता, त्यात वाद नाही. हिवाळ्यात त्याला कंपनीतला फ्रँक नावाचा शेजारी आपल्या ट्रकमधून घेऊन जायचा. माझं तसं नव्हतं. मी गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. रक्ताचे नमुने तपासायची माझी पाळी भल्या सकाळी सुरू व्हायची. त्या वेळी बर्फ काढणारे ट्रक नुकतेच फिरून गेलेले असत आणि रस्ता मिठानं पांढरा पडलेला असे. माझ्या गाडीच्या तळाला, ड्रायव्हरच्या पायापाशी, एक भोक पडलं होतं. त्यावर जयवंतनं स्वयंपाकघरातला बिस्किटं भाजायचा जुना ट्रे ठेवून वर सतरंजीचा तुकडा घातला होता. तरी पाणी यायचंच. हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझे मोजे ओले व्हायचे आणि बुटांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. मी लॉकरमध्ये मोज्यांचा एक जोड ठेवायचे. याची मला इतकी सवय झाली होती की त्यात काही विचित्र आहे असं वाटणंही बंद झालं होतं. हे तिसरं वर्ष होतं.

सासूबाईंना मात्र तो ट्रे पहिल्याच दिवशी दिसला. त्या कुरुंदवाडच्या. सासरे गेल्यावर एकट्याच राहायच्या, आणि आग्रह करकरून जयवंतनं त्यांना त्या हिवाळ्यात आणलं होतं. बोलायच्या कमी. बघायच्या सगळं.

"ही तुझी गाडी आहे का न्हाणी?" त्यांनी विचारलं होतं. मी हसले होते.

संक्रांतीला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. गावाबाहेरच्या एका चर्चचा हॉल मंडळ भाड्यानं घेत असे. दुपारी जेवणं झाली, तिळगूळ वाटून झाला आणि पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे जयवंतभोवती जमली. हिवाळ्यात गाड्यांबद्दल विचारायला सगळे त्याच्याकडेच यायचे. तोही मनापासून सांगायचा. हातवारे करून, समजेल असं.

टिपणीस नावाचं एक जोडपं नुकतंच टेक्सासहून आलं होतं. त्यांनी इथंच एक जुनी गाडी घेतली होती.

"खालून बघितलीत का?" जयवंतनं विचारलं.

"खालून काय बघायचं? मला काही कळत नाही त्यातलं."

"बाकी काही बघू नका, ब्रेकच्या पाइपा आधी बघा. बारीक असतात, पेन्सिलीपेक्षा बारीक. आत ब्रेकचं तेल आणि बाहेर मीठ. एके दिवशी वहिनी ब्रेक दाबतील आणि पाय थेट खाली जाईल. कुठं आहे गाडी?"

तो खरोखरच उठला. टिपणिसांकडून टॉर्च घेतला आणि त्यांच्याबरोबर बाहेर गेला. मी आणि सासूबाई खिडकीशी होतो. जयवंतनं नवा कोट घातला होता, लोकरीचा. त्या कोटासकट तो बर्फात आडवा झाला आणि टिपणिसांच्या गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ तिथं होता. उठला तेव्हा पाठ पांढरी झाली होती.

आत येऊन त्यानं टिपणिसांच्या बायकोलाच सांगितलं, "वहिनी, डाव्या बाजूची पाइप खराब आहे. उद्याच बदलून घ्या. तोपर्यंत ही गाडी तुम्ही चालवू नका. चेष्टा नाही करत मी."

तिनं त्याचे आभार मानले. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही नशीबवान आहात हं. घरातच तज्ज्ञ."

मला तेव्हा बरं वाटलं. हे सांगायला हवं. माझा नवरा परक्या बाईसाठी बर्फात झोपला होता आणि मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच महिन्याच्या शेवटी एका शुक्रवारी मला सुट्टी होती. सासूबाईंना सरोवर बघायचं होतं. गोठलेलं पाणी कसं दिसतं, त्यावर माणसं चालतात म्हणजे काय, हे त्यांना पटत नव्हतं. ऊन पडलं होतं. मी त्यांना दोन स्वेटर, कोट, कानटोपी असं सगळं घालून गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि निघाले.

गावातून सरोवराकडे जाणारा रस्ता उताराचा आहे; हॉस्पिटलला जायलाही मी तोच धरायचे. दोन्ही बाजूंना घरं आणि तळाशी चौक, जिथं मोठा रस्ता आडवा जातो. उताराच्या मध्यावर मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. काही लागलंच नाही. पोकळीत पाय टाकावा तसा तो जमिनीपर्यंत गेला. मी उचलून पुन्हा दाबला. कुठल्या तरी एका चाकानं जरासं धरलं, गाडी किंचित वाकडी झाली आणि पुन्हा सरळ घसरायला लागली. हँडब्रेक ओढला. तो हातात सैल आला. त्याची तारही गंजून गेली होती, हे मागाहून कळलं.

खाली चौकातून बर्फ हटवणारा पिवळा ट्रक जात होता. पुढं लावलेलं ते रुंद पातं मला स्पष्ट दिसलं.

"आई, धरून बसा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"ब्रेक गेलेत."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी डावीकडं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोन्ही हात समोर टेकवले. एका घराच्या अंगणाशी, रस्त्याचा बर्फ लोटून लोटून माणसाएवढा ढीग झाला होता. मी गाडी त्यात घातली. नुसता बर्फ असता तर काही झालं नसतं. पण त्या ढिगाआड झाडाचा बुंधा होता. गाडी मऊ बर्फात शिरल्यासारखी वाटली आणि मग कशावर तरी जोरात आदळून थांबली.

सगळं शांत झालं. इंजिनही बंद पडलं होतं. सासूबाईंनी उजवा हात मांडीवर घेतला होता आणि त्याच्याकडे बघत होत्या. मनगट नको तिथं वाकलं होतं.

"दुखतंय का, आई?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "दुखंल आता."

समोरच्या घरातली म्हातारी गोरी बाई पायात सपाता घालूनच धावत आली. तिनं अँब्युलन्स बोलावली, सासूबाईंच्या अंगावर स्वतःची रजई घातली. माझ्याच हॉस्पिटलात आम्हाला नेलं. सासूबाईंना एक्स-रेला आत घेतलं तेव्हा मी लॅबमधल्या फोनवरून जयवंतला फोन लावला.

"जयवंत, अपघात झाला. मी आणि आई गाडीत होतो. सरोवराकडे जाताना ब्रेक..."

"कुठली गाडी?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"कुठली गाडी नेली होतीस?"

"माझी," मी म्हटलं.

पलीकडून त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. सुटकेचाच होता तो. मग त्यानं विचारलं, "आई कशी आहे?"

त्या दिवशी मी त्याला काहीच बोलले नाही. फ्रँकनं त्याला हॉस्पिटलात आणलं. प्लास्टर घालून बसलेल्या आईला बघून त्याचे डोळे भरले. तिच्या केसांवरून त्यानं हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढ्या थंडीत हिला बाहेर काढायची काय गरज होती?" मी तेही ऐकून घेतलं. मला वाटत होतं, खरंच, मीच बाहेर काढलं. दोन दिवस मी याच विचारात होते. दुसरा रस्ता घेतला असता तर, आदल्या दिवशी गाडी तपासून घेतली असती तर. आपल्याच अंगावर घ्यायची ही सवय कुठून लागते कोण जाणे.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंना मी डाव्या हातानं खाता येईल असं भात-आमटी कालवून दिलं होतं. गाडी टो करून ज्या मेकॅनिककडे नेली होती त्याचा शनिवारी फोन आला होता. ते मी जयवंतला सांगितलं.

"ब्रेकची पाइप फुटली म्हणाला. गंजून."

"मागची. उजव्या चाकाकडची," जयवंत आमटी वाढून घेत म्हणाला. "सांग त्याला, काही करू नकोस म्हणावं. मी घरी करीन."

मेकॅनिकनं मला कुठल्या चाकाकडची ते सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"तुमचं त्याच्याशी बोलणं झालं का?"

"नाही. का?"

"मग मागची, उजवीकडची, हे कसं कळलं?"

त्यानं पळी पातेल्यात ठेवली. तो खोटं बोलू शकला असता. माझ्या मनात पुष्कळदा येतं की तो त्या वेळी खोटं बोलला असता तर मी मानलं असतं. पण गंजाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"ऑक्टोबरात टायर बदलले ना तुझे, तेव्हा दिसली होती. एका ठिकाणी फुगली होती. एवढा हिवाळा काढेल असं वाटलं होतं मला."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"तू बघितली होतीस?" मी म्हटलं.

सासूबाईंच्या देखत मी त्याला पहिल्यांदाच अरे म्हणत होते. त्यानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितली होती, पण अंदाज चुकला. अंदाज चुकतो माणसाचा."

"ऑक्टोबरपासून मी रोज त्या गाडीतून जात होते. रोज सकाळी. तो उतार रोज उतरत होते."

"मी म्हटलं ना, अंदाज चुकला."

"टिपणिसांच्या बायकोला काय सांगितलंस? उद्याच बदला. तोपर्यंत चालवू नका. तिला अंदाज का नाही सांगितलास?"

"तिची पाइप जास्त खराब होती."

"माझी फुटली, जयवंत. तिची नाही फुटली."

त्यानं ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. समजावून सांगायच्या सुरात बोलायचा. "हे बघ, ते काम बाहेर बर्फात झोपून होत नाही. गाडी चारी बाजूंनी वर उचलावी लागते, खाली कोरडी जमीन लागते. गॅरेजमध्येच करावं लागतं. आणि गॅरेजमध्ये जागा कुठे होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे लाल गाडी बाहेर काढावी लागली असती. यंदा पहिला बर्फ ऑक्टोबरातच पडून गेला होता. रस्त्यावर मीठ आलं होतं. पाइप मिळवायची, बसवायची, ब्रेकच्या तेलातली हवा काढायची. दोन दिवस तिला बाहेर उभी करायची का?"

हे त्यानं अगदी सरळपणे विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं असं वाटावं, इतकं सरळ.

मी आजपर्यंत बऱ्याच जणांना बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत. बेफिकिरी समजू शकते, विसरणं समजू शकते. पण हा विसरला नव्हता. त्यानं बघितलं होतं, तोललं होतं, एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला लाल रंगाचा पत्रा होता, आणि त्यानं विचार करून ठरवलं होतं. मला राग आला हे सांगणं फार अपुरं आहे.

"उत्तरा," सासूबाई म्हणाल्या. "हात धुवायला मदत कर मला."

मला वाटलं त्या मला उठवून विषय संपवतायत. मी त्यांना मोरीपाशी नेलं, डाव्या हातावर पाणी घातलं, पुसून दिलं. मग त्या कोट घालायला लागल्या. एका हातानं जमेना म्हणून मी मदत केली.

"कुठं निघालीस, आई?" जयवंतनं विचारलं.

"तळं बघायचं राहिलंय माझं."

"आता? गाडी कुठं आहे?"

सासूबाई गॅरेजच्या दाराकडे गेल्या. डाव्या हातानं त्यांनी लाल गाडीवरचं पांढरं कापड ओढायला सुरुवात केली. ते निघता निघत नव्हतं. मी भिंतीवरच्या खुंटीवरून चावी घेतली आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.

जयवंत मागं आला. "उत्तरा, हा काय पोरकटपणा आहे? बाहेर बघ. सगळा चिखल झालाय मिठाचा. आज तर अजिबात नाही."

"बाजूला हो."

"उद्या मी तुला दुसरी गाडी भाड्यानं आणून देतो. हवं तर विकत घेऊ दुसरी."

"हे ऑक्टोबरात का नाही सुचलं?"

"आई, तू तरी सांग तिला."

सासूबाई तोपर्यंत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. प्लास्टरचा हात त्यांनी छातीशी धरला होता. त्यांनी पोराकडे बघितलं. "त्या टिपणिसाच्या बायकोसाठी नवा कोट घालून बर्फात झोपलास," त्या म्हणाल्या. "दार उघड आता गॅरेजचं."

त्यानं उघडलं नाही. मी उघडलं.

रस्त्यावर त्या दिवशी करड्या रंगाचं, घट्टसर पाणी साचलं होतं. बर्फ अर्धवट वितळून त्यात मीठ मिसळलेलं. मी चुकवत गेले नाही. जिथं जास्त साचलं होतं तिथून मुद्दाम नेली. खालून ते पाणी तळाला आपटल्याचा आवाज येत होता आणि तो मला ऐकायचा होता. गाडी झकास होती. ब्रेक जरा दाबला की थांबायची. पाय कोरडे होते. तीन वर्षांत पहिल्यांदा मी हिवाळ्यात कोरड्या पायांनी गाडी चालवत होते, आणि त्यानंच माझा राग आणखी वाढला.

सरोवराच्या एका गोठलेल्या खाडीपाशी पोचलो. दूरवर पांढरं मैदान होतं आणि त्यावर माणसं मासे धरायला छोटे तंबू ठोकून बसली होती. सासूबाई बराच वेळ काचेतून बघत राहिल्या.

"माझा मुलगा आहे तो," शेवटी त्या म्हणाल्या. "मी त्याला टाकून बोलणार नाही, आणि तू त्याला सोडून जा असंही सांगणार नाही. ते तुझं तू बघ. पण त्या दुसऱ्या गाडीत तू पुन्हा बसायचं नाहीस. मी इथं असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावर पण नाही."

"नाही बसणार."

"लहानपणी बरा होता," त्या म्हणाल्या.

मी तो सगळा हिवाळा लाल गाडी चालवली. रोज हॉस्पिटलात नेली, उघड्यावर उभी केली. मंडळातल्या लोकांनी बघितलं आणि कुजबुज सुरू झाली. एकानं तर मला गंभीरपणे सांगितलं की अशी गाडी मिठात घालणं म्हणजे पाप आहे. मी त्याला विचारलं, आमच्या आईच्या हाताचं काय झालं ते कुणी सांगितलं का. जयवंत सुरुवातीला चिडला, मग विनवायला लागला. "निदान खालून पाणी तरी मार आठवड्यातून एकदा. दहा मिनिटांचं काम आहे." मी कधीही मारलं नाही. पुढं त्याचं माझं पटलं नाही आणि दीड-दोन वर्षांत आम्ही वेगळे झालो. त्या वेळी लोकांनी मध्यस्थी करताना मला समजावलं की गाडीवरून कुणी संसार मोडतं का. मी वाद घातला नाही.

पण सांगायची गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारची.

राखाडी गाडी टो करून परत आली होती आणि अंगणात बर्फाखाली पडून होती. त्या रविवारी जेवण झाल्यावर जयवंतनं ती खोदून काढली, फ्रँकच्या ट्रकनं ओढून गॅरेजमध्ये घेतली. गॅरेज आता रिकामंच होतं. जॅक लावून त्यानं ती वर उचलली आणि पुठ्ठ्यावर झोपून खाली शिरला. मी स्वयंपाकघरात होते, सासूबाई दिवाणखान्यात जप करत होत्या. मधूनमधून लोखंडाचा आवाज येत होता. हवा काढायला त्यानं फ्रँकला ब्रेकवर पाय द्यायला बसवलं होतं. दोघांचं बोलणं, एकदा हसणंही ऐकू आलं.

मी चहा टाकला तेव्हा तो हात पुसत आत आला.

"झाली. मागच्या दोन्ही पाइपा नव्या टाकल्या. हँडब्रेकची तारही बदलली. आता काही भीती नाही."

मी गाळणीतून चहा ओतत होते. "जेवून गेला होतास ना तू?"

"हो."

"आणि आता चहा होतोय."

त्याच्या लक्षात आलं. चिंधी हातात तशीच धरून तो उभा राहिला. त्या दिवशी दोन दिवसांचं काम म्हणाला होता. जेवणापासून चहापर्यंतचं निघालं.

"लालची चावी दे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तुझी गाडी तयार आहे."

मी टेबलावरची राखाडी गाडीची चावी उचलली आणि त्याच्यापुढं ठेवली. "काही भीती नाही म्हणतोस ना? मग उद्यापासून ही तू ने कामाला."

"मला फ्रँक नेतो की."

"फ्रँकला सांग, उद्या येऊ नकोस. उतारावरूनच जा, सरोवराच्या बाजूनं."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. जयवंतनं आईकडे बघितलं, चावी घेतली आणि म्हणाला, "ठीक आहे. नेतो."

सोमवारी माझी पाळी दुपारची होती. सकाळी मी आणि सासूबाई खिडकीशी उभ्या होतो. रात्री बर्फ पडला होता, रस्त्यावर मीठ टाकून ट्रक नुकताच गेला होता. जयवंत बॅग घेऊन बाहेर आला. राखाडी गाडीचं दार उघडून आत बसला. इंजिन सुरू केलं. जागच्या जागी ब्रेक दाबून बघितला. सोडला, पुन्हा दाबला. हँडब्रेक ओढून बघितला. मग इंजिन बंद करून खाली उतरला, गुडघे टेकून, टॉर्च लावून मागच्या चाकापाशी वाकून बघितलं. कालच त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेली पाइप.

उठला. कोटावरचा बर्फ झाडला. पुन्हा दार उघडलं आणि एक पाय आत ठेवून तसाच उभा राहिला.

रस्त्यावरून फ्रँकच्या ट्रकचा हॉर्न आला. त्याला येऊ नको म्हणून जयवंतनं सांगितलंच नव्हतं. जयवंतनं पाय बाहेर घेतला, गाडीचं दार लावलं, आणि खिडकीकडे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसला.

"बसला नाही गं तो," सासूबाई म्हणाल्या, आणि प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात सावरत आत वळल्या.